काकू, माझ्या पेपरांवरचं अक्षर तुमचं आहे

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

हे सगळं तुमच्या घरी येऊनही सांगता आलं असतं. पण तुम्ही नेहमीसारखं "अगं, त्यात काय एवढं" म्हणत चहा ठेवला असता आणि विषय तिथेच संपला असता. त्यात काय एवढं आहे ते मला चारचौघांत सांगायचं आहे, म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. ठाण्याच्या चरईत तुम्हाला ओळखणाऱ्यांना कळेलच.

बीएच्या पेपरांपासून नोकरीच्या परीक्षेपर्यंत तुम्ही माझ्या लेखनिक होतात. मला दिसत नाही. ब्रेल येतं, संगणक येतो, तरी परीक्षेत उत्तर शाईनं कागदावर उतरावं लागतं आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो. लेखनिक मिळवणं हे आम्हा अंध मुलांना अभ्यासाइतकंच मोठं काम असतं. परीक्षेच्या हंगामात सगळ्यांचेच पेपर एकदम येतात. येतो म्हणालेला मुलगा आदल्या रात्री फोन उचलत नाही. कुणी घाईत वाक्यं गाळतं. कुणी मायेपोटी माझं उत्तर स्वतःच्या मनानं सुधारून लिहितं, आणि मग त्या पानावर मी उरतच नाही. यातलं प्रत्येक माझ्या वाट्याला आलेलं आहे.

तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलंत, "मी काय करायचं नाही, ते आधी सांग." तसं मला आधी कुणीच विचारलं नव्हतं.

तुमचं शिक्षण बारावीनंतर थांबलं, हे तुम्ही आवाज खाली आणून सांगायचात. पण केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उमेदवारानं स्वतःचा लेखनिक आणला, तर त्याचं शिक्षण उमेदवाराच्या एक पायरी खाली असावं लागे. नोकरीच्या परीक्षेला माझ्या पदवीधर मैत्रिणी मनापासून तयार असूनही चालत नव्हत्या. तुम्ही चालत होतात. त्या सूचना तुम्ही मुलाकडून छापून घेतल्यात आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून प्रत्येक केंद्रावर आणल्यात. तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. एका केंद्रावर पर्यवेक्षक अर्ध्या तासावर अडून बसले, तेव्हा तुम्ही आवाज चढवला नाहीत. कागद काढलात, ओळीवर बोट ठेवलंत आणि "हे जरा वाचता का?" एवढंच म्हणालात. उरलेला अर्धा तासही मला मिळाला. शेवटचा प्रश्न मी त्याच वेळात सोडवला.

लेखनिकाची आणि उमेदवाराची परीक्षेच्या दोन दिवस आधी भेट व्हावी, असंही त्या सूचनांत आहे. आपण त्याच्या किती आधीपासून बसत होतो! दुपारी तुमची कामं आटोपली की जुन्या प्रश्नपत्रिका काढायच्या. आधी अख्खा प्रश्न एका दमात वाचायचा, मग पर्याय. "कंस सुरू", "कंस संपला" म्हणायचं. तक्ता आला की वरची शीर्षकं आधी सांगायची, मग एकेक आडवी ओळ. माझं टेलर फ्रेमवर, म्हणजे आम्हा अंधांच्या गणिताच्या पाटीवर, गणित चाललं असेल तर मध्ये बोलायचं नाही. किती वेळ उरला ते मी विचारल्यावरच सांगायचं. ही शिस्त तुम्ही इतकी अंगी बाणवलीत की पेपरात तुमचा श्वाससुद्धा मला उत्तराबद्दल काही सांगत नसे.

मराठीच्या पेपरात तुम्ही थांबून विचारायचात, "पहिली वेलांटी की दुसरी?" बरोबर कुठली ते तुम्हाला ठाऊक असायचं. तरी दर वेळी तोच सपाट सूर, आणि मी सांगेन तेच कागदावर. मदत करताना स्वतःला असं आवरून धरायला किती माया लागते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. आज नोकरीच्या ठिकाणी माझ्या गुणपत्रिकेकडे कुणी शंकेनं पाहिलं, तरी मी ताठ मानेनं उत्तर देऊ शकते. ते गुण माझे आहेत. ते माझे राहिले, याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

तुर्भ्याच्या परीक्षा केंद्राला जाताना ठाण्याला ट्रान्स-हार्बर लोकलच्या फलाटावर दिव्यांगांच्या डब्याचा बीपर कुठे वाजतो, तिथे तुम्ही मला उभी केलीत. परत येताना तो आवाज मीच शोधावा म्हणून तुम्ही मागे राहिलात. आता रोज त्याच गाडीनं मी एकटी कामाला जाते.

आणि तुम्ही माझ्यापाशी थांबला नाहीत. भजनी मंडळातल्या बायकांना "आपल्याला काय जमणार" म्हणताना ऐकलंत आणि त्यांनाच लेखनिकाचं काम शिकवायला बसलात. आज नौपाड्यापासून खारेगावपर्यंतच्या काकू, माम्या तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. पेपर लिहायला जायचं असलं की कुणाची सून मुलं सांभाळते, कुणी ऑफिसातून रजा काढते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या विकास कुमार निकालानंतर लेखनिकासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट धरून बसता येत नाही. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराचा तो खटला होता. तुम्ही तो निकाल समजून घेतलात आणि हात थरथरणाऱ्या मुलांसाठीही ग्रुप खुला केलात.

हे वाचणाऱ्यांना एक विनंती. दहावीच्या परीक्षेला लेखनिक खालच्या इयत्तेतला विद्यार्थीच लागतो, तिथे आमच्या काकूंचा इलाज चालत नाही. नववीतल्या मुलांचा अभ्यास बुडेल म्हणून आईवडील कचरतात. ती काळजी खरी आहे. तरी आपल्या मुलाला एकदा विचारून पाहा, आणि शाळेला नाव कळवायचं ते डिसेंबरातच कळवा, म्हणजे दोघांना सरावाला वेळ मिळेल.

काकू, तुम्ही एकदा म्हणालात, "तुम्हा पोरांना संगणकावर स्वतःचं स्वतः लिहू दिलं, तर माझी गरजच संपेल, आणि ती संपायला हवी." अगदी बरोबर बोललात. मी ऑफिसात दिवसभर स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच, काम करते, मग परीक्षेतच का नाही? संगणकावर पेपर देण्याची मुभा त्याच 2018 च्या सूचनांत आहे. ती प्रत्येक कॉलेजात खरोखर मिळावी म्हणून आम्ही काही जण अर्ज करतो आहोत. मसुदा मी टाइप केला आहे. रविवारी घेऊन येते, त्यातल्या वेलांट्या तेवढ्या तपासून द्या. या वेळी चुकलं तर सांगायचं.

तुमची,
कळव्याची परीक्षार्थी