बर्मिंगहॅमचे चर्च विसरू नये
संपादक महोदय,

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीविषयी मराठीत लिहिताना मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण हमखास येते; अलाबामातील बर्मिंगहॅम शहराचे सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च मात्र ओझरत्या उल्लेखावर भागवले जाते. १८७३ साली स्थापन झालेल्या या कृष्णवर्णीय मंडळीची सध्याची वास्तू १९११ मध्ये पूर्ण झाली आणि तिचा आराखडा वॉलेस रेफील्ड या कृष्णवर्णीय वास्तुरचनाकाराने केला होता. सभागृह स्वतःच्या मालकीचे असल्याने सभेसाठी गोऱ्या अधिकाऱ्यांपुढे हात पसरावे लागत नसत, आणि चळवळीच्या दृष्टीने ही बाब व्यासपीठावरील वक्तृत्वाइतकीच मोलाची होती, असे मला वाटते.

मे १९६३ मध्ये वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चासाठी शाळकरी मुले याच चर्चमधून रांगेने बाहेर पडली. शेकडो मुलांना अटक झाली आणि समोरच्या केली इन्ग्रम पार्कपाशी निदर्शकांवर पाण्याचे जोरदार फवारे व पोलिसांचे कुत्रे सोडण्यात आले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, वर्णद्वेष्ट्यांनी पेरलेल्या बॉम्बच्या स्फोटात चर्चमध्ये चार मुली मृत्युमुखी पडल्या. तिघी १४ वर्षांच्या, एक अवघी ११ वर्षांची. पुढील वर्षी नागरी हक्क कायदा संमत झाला, परंतु या गुन्ह्यातील पहिला आरोपी १९७७ मध्ये, दुसरा २००१ मध्ये आणि तिसरा २००२ मध्ये दोषी ठरला. हा विलंबही त्या इतिहासाचाच भाग असून, चळवळीविषयीच्या लेखांत त्याची नोंद व्हावी, एवढीच विनंती.

— एक वाचक, पुणे