तुझा ॲम्प तुझ्याकडेच राहू दे

ब्रह्मपुरी,
कार्तिक संपत आला

प्रिय गड्या,

"माझा व्हॉक्स घेऊन जा, पुण्यात फ्लॅटमध्ये धूळ खातोय, पैशाचं नंतर बघू" हे तुझं वाचून दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी जमिनीवर आलो. नको गड्या, तुझा तो गिटारचा ॲम्प तुझ्याकडेच राहू दे. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच भांडायला उठला असतास, म्हणून पत्र.

आधी मंडईचं, आपल्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं सांगतो. भाऊबीजेपासून आपल्याकडे काय धूम असते ते तुला सांगायला नको. यंदा आमचा आर्केस्ट्रा एका मोठ्या मंडईत होता. हलका धान कापून मोकळी झालेली बांधी, पायाखाली धसकटं, मंडप स्टेजपुरता, बाकी वर आभाळ. माझा जुना 15 वॉटचा ॲम्प मागे स्टुलावर. पहिल्याच गाण्यात ऑक्टोपॅडवाल्याने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमवाल्याने, हात टाकला आणि माझी गिटार गायब. बोटं चालत होती, तारा हलत होत्या, पण मलाच काही ऐकू येईना. ॲम्प पूर्ण वाढवला तर नुसता चरचराट. समोरच्या पोरांना वाटलं असेल, हा बुवा शोभेला उभा केलाय.

त्या रात्रीच ठरवलं, आता 100 वॉटच. मग हिशेब करत बसलो आणि डोकं धरलं. 15 चे 30 वॉट केले तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल, कानाला जेमतेम कळेल एवढा. दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट. आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल गळतात. ॲम्पपासून एक मीटरवर 110 असेल तर 8 मीटरवर 92 आणि 32 मीटरवर 80. हॉलमध्ये भिंती थोडाफार आवाज परत देतात, बांधीत कोण देणार? मागे तलावाची पाळ, तिच्यावर बसलेली माणसं, त्यांच्यापर्यंत स्टेजवरच्या ॲम्पने पोचायचं हा विचारच खुळा. 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सनी 100 वॉटचे व्हॉक्स लावले होते, तुझ्याच ॲम्पचे थोरले भाऊ. समोर 55 हजारांवर माणूस किंचाळत होता आणि स्टेजवर त्यांना स्वतःचंच वाजवणं धड ऐकू येत नव्हतं. तिथे आमची काय कथा!

तेव्हा माझ्या डोक्यातला प्रश्नच चुकीचा होता. मैदान भरायचं काम साउंडवाल्याच्या बॉक्सचं. माझ्या ॲम्पने दोनच कामं करायची. ऑक्टोपॅड आणि ढोलकीच्या वर मला आणि बाजूच्या कीबोर्डवाल्याला स्वच्छ ऐकू यायचं, आणि साउंडवाल्याच्या मिक्सरला चांगला आवाज द्यायचा. एवढ्याला 50 ते 100 वॉट पुरतात. फक्त स्पीकर मरतुकडा नको. एक वॉटला 97 डेसिबल देणाऱ्या स्पीकरच्या जागी 100 देणारा आला की ॲम्पचे वॉट फुकटात दुप्पट झाल्यासारखंच. दुकानात हे कोणी सांगत नाही, तिथे सगळे आकड्यावर बोट ठेवतात.

तू म्हणशील, तुझ्यासारख्या काचेच्या ट्यूबवर चालणाऱ्या ॲम्पचे 30 वॉट ट्रान्झिस्टरवाल्याच्या 30 पेक्षा भारी वाटतात. वाटतात, शंभरदा मान्य. ट्यूब ताणली तरी गोड फाटते, ट्रान्झिस्टर हद्द संपली की कर्कश होतो, म्हणून त्याला जास्तीचे वॉट घ्यावे लागतात. तुझ्या व्हॉक्सचा तो झणझणीत आवाज दुसऱ्या कशातून येत नाही हेही खरं. पण आता आमची विजेची लाइन बघ.

संध्याकाळी सहाला मोटारपंप चालू असतात. त्या दिवशी सोबत नेलेला मीटर लावला तर 182 व्होल्ट. त्यावर हॅलोजन, पाळणा, चिवड्यावाल्याचे दिवे, सगळं एकाच आकड्यावर. तुझ्या ॲम्पमधल्या ट्यूबच्या तंतूला 6.3 व्होल्ट लागतात. 230 च्या जागी 182 आले की तिथे पाचच्या आसपास पोचतात. ट्यूब अर्धपोटी वाजणार. मध्येच जनरेटर सुरू झाला की एकदम उसळी. स्टॅबिलायझर घेता येईल, पण तो आणखी एक डबा, आणखी एक ओझं. आणि ट्यूब गेली तर? सीताबर्डीत विचारलं, "मागवून देतो" म्हणाले. मंडई थांबते का तोवर?

वजनाचंही ऐक. तुझा व्हॉक्स एसी30 बत्तीस किलोच्या घरात. धानाचा कट्टा 40 किलोचा, तो मी उचलतो, पण कट्ट्यात काच नसते. पिकअपच्या मागे ढोलकी, केबल, आम्ही पाच जण, आणि रस्ता तुला माहीतच आहे.

मी घेतला बॉस कंपनीचा कटाना, ट्रान्झिस्टरवाला, 100 वॉटचा, एकच 12 इंची स्पीकर, पंधरा किलोच्या आत. एका हाताने उचलतो, दुसऱ्या हातात गिटार. त्याला एक खटका आहे, अर्धा वॉट, 50 आणि 100 वॉटचा. घरी अर्ध्यावर ठेवतो, तरी आई म्हणते, "आता पुरे कर ना बाप्पा." लाइन-आउट, म्हणजे ॲम्पमधून तारेने निघणारा आवाज, थेट मिक्सरला जातो, त्यामुळे साउंडवाल्याकडे माइक उरला नाही तरी अडत नाही. माइक असला तर मी तोच घेतो. जाळीला लागून, पण स्पीकरच्या मधोमध नाही, बोटभर बाजूला. मधोमध धरला तर आवाज सुईसारखा टोचतो, काठाकडे नेला की घोंगडी पांघरल्यासारखा.

आणि एक शोध विटांचा! ॲम्प जमिनीवर ठेवला की त्याचा तिखटपणा सरळ रेषेत पुढे जातो, पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या कानात. माझ्या मात्र गुडघ्यावर. मला मंद वाटतं, मी ट्रेबल वाढवतो, आजोबा उठून जातात. आता पुढच्या पायांखाली दोन विटा घालतो, तोंड माझ्या कानाकडे. दोन विटांत जे जमलं ते 15 वॉट आणखी घेऊन जमलं नसतं.

आर्थिंगचं मात्र तुला रागावूनच सांगतो, कारण तूही पूर्वी हेच करायचास. एका गावी ॲम्प घुंऽऽ करत होता. साउंडचा पोरगा म्हणाला, "काही नाही होत जी, ते तिसरी पिन मोडून टाका, बंद होते." मी नाही म्हटलं, तर त्याने गुपचूप टू-पिनचा अडॅप्टर लावला. गाताना ओठ माइकला लागला, हात तारांवर होता, आणि असा चटका बसला की दोन ओळी मी विसरलोच. ओठाला चार दिवस मुंग्या होत्या. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे असाच आर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच मेला. आता मी वाजवण्याआधी मीटरची एक टोकणी माइकच्या जाळीला, दुसरी तारेला लावून बघतो. पोरं हसतात. हसू देत. घुंऽऽसाठी डीआय बॉक्स, म्हणजे ॲम्प आणि मिक्सरच्या मध्ये लागणारा छोटा डबा, ठेवलाय, त्याच्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. तिथे फक्त मिक्सरकडे जाणाऱ्या तारेचं ग्राउंड सुटतं, ॲम्पच्या पिनला कोणी हात लावत नाही.

खरं सांगू, तुझ्या व्हॉक्सचा आवाज मला अजून रात्री आठवतो. कॉलेजच्या गॅदरिंगला तू दोन तारा छेडल्यास आणि मागच्या बाकावरची पोरं उभी राहिली. कटानामध्ये तसा एक आवाज दिलाय, जवळपास पोचतो, पण तो नाही. बंद हॉल, बरी लाइन आणि तू सोबत, असा कार्यक्रम कधी जमला तर तो घेऊन ये. मी उचलीन.

तोवर त्याला असा मारून ठेवू नको. वर्षानुवर्षं बंद राहिला की आतले कपॅसिटर खराब होतात. महिन्यातून एकदा अर्धा तास चालू कर, आवाज कमी ठेव, शेजाऱ्यांची चिंता नको. आणि मागे साफ करायला स्पीकरची वायर काढली होतीस म्हणालास, ती परत लावलीस का? तशीच असेल तर आधी ती लाव, मगच खटका दाब. स्पीकर न जोडता ट्यूबचा ॲम्प वाजला तर ट्रान्सफॉर्मर जातो. लावलीस की दोन शब्द टाक.

तुझा,
विटावाला