संशोधनाचा डेटा पेनड्राइव्हवर नको

महोदय,

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ, दोन्ही नाशिकमध्ये. संशोधक रुग्णांच्या नोंदी, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे पेनड्राइव्हवर घेऊन फिरतात, ते थांबायला हवे. विभागागणिक चार डिस्कचा एक नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी साठवणपेटी) पुरतो. 4 टीबीच्या चार डिस्क रेड-6 मध्ये (रेड म्हणजे डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) लावल्या की वापरायला साधारण 8 टीबी मिळतात आणि दोन डिस्क गेल्या तरी फायली शाबूत राहतात. रेड-5 मध्ये 12 टीबी मिळतात, म्हणून मोह होतो; पण एक डिस्क बदलल्यावर पुनर्बांधणी तासन्‌तास चालते आणि त्या ताणात दुसरी बंद पडली की सगळेच गेले.

मात्र रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे खरेदी समित्यांना कोणीतरी सांगावे. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फायली अडवणारा घातक प्रोग्राम, सगळ्या डिस्कवरच्या फायली एकदमच कुलूपबंद करते. त्यावर उपाय म्हणजे रोजचे स्नॅपशॉट (फायलींची त्या क्षणीची जपलेली स्थिती) आणि आठवड्याला एक एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय न वाचता येणारी) प्रत, दुसऱ्या इमारतीत, नेटवर्कपासून तोडलेली. त्या प्रतीतून महिन्याला एखादी फाइल परत मिळवून पाहावी. बॅकअप कधीच बंद पडलाय, हे एरवी नेमके गरजेच्या दिवशी कळते.

नॅसवर एसएमबी-1 (नेटवर्कवर फायली वाटून घेण्याची जुनी, असुरक्षित पद्धत) बंद ठेवावे, बाहेरून प्रवेश फक्त व्हीपीएनने (इंटरनेटवरची सुरक्षित खासगी जोडणी). रुग्णांची नावे व सांकेतिक क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या फोल्डरमध्ये, मार्गदर्शक आणि संशोधकापुरती. यूपीएसची यूएसबी केबलही नॅसला जोडावी, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरी संपण्याआधी तो स्वतःहून नीट बंद होतो. ही केबल बहुधा खोक्यातच पडून असते!

– एक संगणक व्यवस्थापक, गंगापूर रोड, नाशिक