करसवलतीच्या घरांत राहायला आले कोण?

महोदय,

परवडणाऱ्या घरांची चर्चा निघाली की ती घरांची संख्या, चौरस फूट आणि किंमत यांपुढे सरकत नाही. या घरांसाठी सरकार जो कर सोडून देते, त्याच्या बदल्यात तिथे राहायला कोण आले, याची नोंद मात्र कुणीच मागत नाही.

आयकर कायद्यात २०१६ साली आलेल्या कलम ८०-आयबीएने छोटी घरे बांधणाऱ्या विकासकाला प्रकल्पाच्या संपूर्ण नफ्याची करपात्र उत्पन्नातून वजावट दिली. सप्टेंबर २०१९ पासून मंजूर झालेल्या प्रकल्पांना मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६४५ चौरस फूट कार्पेट आणि ४५ लाख रुपयांपर्यंतचे मूल्य अशी मर्यादा होती. मार्च २०२२ पर्यंत मंजुरी मिळालेले प्रकल्प या सवलतीस पात्र ठरले. एकाच कुटुंबाला त्या प्रकल्पात दुसरे घर देऊ नये, ही अट सोडली तर घेणाऱ्याचे उत्पन्न किती, तो तिथे राहणार की कुलूप लावून भाव वाढण्याची वाट पाहणार, याच्याशी या कलमाला कर्तव्य नाही.

माझी मुलगी आणि जावई परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली सोडून बदलापूर पश्चिमेला वन बीएचकेत गेले. त्यांच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. एकाचा ताबा घेतल्यापासून दारावरचे प्लॅस्टिकही निघालेले नाही, दुसऱ्यात दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरू येतो. उरलेल्या दोन्ही घरांत शाळेत जाणारी मुले आहेत आणि दोन्हींचे आजी-आजोबा मुंबईतच राहिले आहेत, त्यात आम्हीही आलो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मे निरोप टँकरचे असतात. जुने बदलापूरकर ‘बाहेरच्यांनी गर्दी केली’ असे म्हणतात. त्या बाहेरच्यांत आमची लालबाग-परळची मुलेही आहेत म्हणून ते बोचते, पण लोकलच्या दारात लटकताना त्यांची तक्रार खोटी वाटत नाही.

२००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९८ हजारांच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. आता होणारी २०२७ ची आहे. म्हणजे ८०-आयबीए आले, त्याची मुदत संपली, आणि या काळात गावात तरुण कुटुंबे किती आली, मुले किती वाढली, हे अधिकृतपणे सांगणारा एकही आकडा जनगणनेतून मिळालेला नाही. कर सोडला केंद्राने. पाणी, शाळा आणि गटारे यांचा बोजा पडला गावावर.

अमेरिकेत १९८६ पासून अल्प उत्पन्न गटाच्या भाड्याच्या घरांसाठी टॅक्स क्रेडिटची, म्हणजे भरायच्या करातूनच थेट सूट देणारी योजना आहे. तिथे क्रेडिट साधारण दहा वर्षांत मिळते, पण भाडेकरूचे उत्पन्न आणि भाडे यांच्या मर्यादा किमान पंधरा वर्षे पाळाव्या लागतात, नाहीतर घेतलेल्या क्रेडिटचा काही भाग परत करावा लागतो. शिवाय २००८ च्या कायद्याने या घरांतील कुटुंबांचे उत्पन्न, वय, कुटुंबरचना आणि भाडे यांची माहिती राज्यांनी दरवर्षी केंद्रीय गृहनिर्माण खात्याला देणे बंधनकारक केले. तिथली योजना भाड्याची आणि आपली मालकीची, त्यामुळे ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण राहणाऱ्यांची नोंद ठेवायला मालकी आड येत नाही.

यापुढे अशी सवलत द्यायची असेल, तर ताबा दिल्यानंतर निदान पाच वर्षे किती घरांत मालक राहतात, किती भाड्याने दिली आहेत, किती बंद आहेत आणि शाळेच्या वयाची मुले किती, ही माहिती, नावे वगळून, दरवर्षी स्थानिक नगरपरिषदेला मिळावी आणि सोडलेल्या कराच्या प्रमाणात तिला पाणी व शाळांसाठी अनुदान द्यावे, अशी सूचना आहे.

आपली एक वाचक,
परळ, मुंबई