क्लिप कुडीच्या जागी

संपादक महोदय,

पक्षाघातानंतरच्या निद्रानाशावर कानातून सौम्य वीज देण्याबद्दलचा कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. लेख ठीक, पण ते छायाचित्र कोणी निवडलं? हसऱ्या आजोबांच्या चक्क कानाच्या पाळीला क्लिप! मी कुडी घालते तिथे. ही वीज ज्या व्हेगस नर्व्हला द्यायची, त्या मेंदूतून निघणाऱ्या नसेचा फाटा कानाच्या आतल्या खोलगट भागात येतो, पाळीत नव्हे. उलट संशोधक तुलनेसाठी खोटा उपचार देतात, तेव्हा बरेचदा मुद्दाम पाळीच निवडतात. तुम्ही नेमका तो छापलात.

मला हे कळतं कारण पैसे मोजून शिकले. यांना दोन वर्षांपूर्वी झटका आला, डावी बाजू गेली. हात हळूहळू आला, झोप नाही आली. दिवसभर खुर्चीत पेंग, आणि रात्री अडीचला टक्क जागे, "किती वाजले गं?" गोळी सुरू केली तर पहाटे बाथरूमच्या दारात तोल जाऊन पडले. मग एका क्लिनिकने हे मशीन सुचवलं. वीस सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ. हे अर्धा अर्धा तास शहाण्यासारखे बसायचे, तिथली मुलगी पाळीला क्लिप लावून मोबाइल बघायची. बाराव्या दिवशी मशीनच्या खोक्यावरचं चित्र माझ्या नजरेला पडलं. क्लिप आत, भोकाशी. विचारलं तर म्हणाली, "आजी, करंट सगळीकडे पोचतो." पोचतो ना, आमच्या खिशापर्यंत पोचलाच.

हे घोरतात का, एवढं साधं तिथे कोणी विचारलं नाही. ते पुढे न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं, स्लीप स्टडी झाली आणि झोपेत श्वास अडकतो हे निघालं. पक्षाघाताच्या रुग्णांत हे सर्रास आढळतं म्हणे. तुमच्या लेखात त्यावर अक्षर नाही. अभ्यास अजून छोटे आहेत हे शेवटच्या ओळीत, आणि मथळ्यात 'रामबाण'!

आता झोपेचा विषय निघालाच आहे तर, आमच्या शेजारी पुनर्विकासाच्या कामावर रात्री एक वाजता काँक्रीटचा मिक्सर येतो. निवासी भागात रात्री दहा ते सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे, 2000 सालापासून. दोनदा तक्रार केली. यावर पुरवणी काढा की एखादी.

छायाचित्राची दुरुस्ती छापणार असाल तर कृपया शब्दकोड्याखाली बारीक टायपात नको. क्लिनिकवाले तिथवर वाचत नाहीत.

– एक जुनी वाचक, मुलुंड (पूर्व)