एलएनजी टर्मिनलच्या मंजुरीआधी दुसऱ्या टाकीचा विचार करा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

ज्या प्रदेशाचा सगळा गॅस एकाच पाइपलाइनने, एकाच विक्रेत्याकडून येतो, त्याला एलएनजी (अतिथंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) जहाजातून उतरवून, साठवून पुन्हा वायू करणारे आयात टर्मिनल हवेच. लिथुएनियाच्या क्लायपेडा बंदरात ‘इंडिपेंडन्स’ हे तरंगते टर्मिनल ऑक्टोबर २०१४ मध्ये आले. ते यायच्या आधीच, त्याच वर्षी रशियन पुरवठादाराने दर उतरवला होता. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने रशियन गॅस घेणे थांबवले आणि तरीही त्याचे अडले नाही.

पण टर्मिनलच्या प्रस्तावात ‘वर्षाला इतके लाख टन’ हाच आकडा ठळक असतो. चार ठिकाणांहून माल घेता येईल की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते टाक्यांवर, गॅसच्या प्रतीवर आणि कुंपणाबाहेरच्या पाइपलाइनवर ठरते.

टाक्यांचा हिशेब सोपा आहे. वर्षाला ५० लाख टन म्हणजे रोज सुमारे ३०,००० घनमीटर द्रव. आजचे नेहमीचे जहाज १,७४,००० घनमीटरचे, म्हणजे जेमतेम पावणेसहा दिवसांचा माल. समुद्र खवळल्याने जहाज पाच दिवस बाहेर अडकले, तर दीड लाख घनमीटर हाताशी हवेत. ते वेळेवर आले, तर त्या साठ्याव्यतिरिक्त पूर्ण जहाज रिते करायला जागा हवी. पंप बुडालेले राहावेत म्हणून तळाचा द्रव कायम ठेवावा लागतो, तो वेगळाच. बेरीज सव्वातीन लाखांपुढे जाते, म्हणजे १,८०,००० च्या दोन टाक्या. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिला बळी दुसऱ्या टाकीचा जातो. मग वेळेवर आलेल्या जहाजाला जागा नसते आणि उशिरा आलेल्याची वाट पाहायला साठा नसतो. लांबून येणाऱ्या मालाचे वेळापत्रक नेहमीच सैल असते. त्यामुळे अशा टर्मिनलला शेवटी जवळच्याच विक्रेत्यावर विसंबावे लागते. ज्यातून सुटायचे होते, तेच पुन्हा.

दुसरी बाब सुरक्षिततेची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. प्रत्येक देशाच्या एलएनजीची घनता वेगळी असते. हलक्या द्रवाखाली जड, किंचित उबदार द्रव भरला की दोन थर पडतात. खालचा थर हळूहळू तापतो. वरच्या थराच्या वजनामुळे त्यातला वायू सुटत नाही. दोन्ही थरांची घनता सारखी झाली की ते एकदम मिसळतात आणि कोंडलेली वाफ एका झटक्यात बाहेर पडते. ऑगस्ट १९७१ मध्ये इटलीतल्या ला स्पेझियाला नेमके हेच घडले: तळातून भरलेला जड माल, भरल्यानंतर सुमारे १८ तासांनी उसळी, आणि सुरक्षा झडपांतून वायूचा लोट. उपाय माहीत आहेत. जड माल वरून भरायचा, हलका खालून; टाकीच्या पूर्ण उंचीभर घनता व तापमान मोजणारे उपकरण बसवायचे; थर दिसताच पंपाने द्रव फिरवायचा. त्यासाठी दोन्ही भरणवाहिन्या आणि दोन टाक्या पहिल्या आराखड्यातच हव्यात. उणे १६२ अंशांवर चालू असलेल्या टाकीत नंतर जोडकाम करता येत नाही.

गॅसच्या प्रतीचेही तसेच. काही ठिकाणचा एलएनजी जवळजवळ शुद्ध मिथेन, तर काहींत इथेन-प्रोपेन जास्त. बर्नरसाठी वॉब इंडेक्सची (बर्नरमध्ये गॅस किती उष्णता देतो, त्या मापाची) मर्यादा अरुंद असेल, तर जड गॅसमध्ये नायट्रोजन मिसळावा लागतो. नायट्रोजनचा प्रकल्प नसेल, तर निम्मे विक्रेते कागदावरच उरतात.

‘अडीअडचणीला असू द्या’ म्हणून बांधलेले टर्मिनलही नुसते बंद ठेवता येत नाही. दिवसाला ०.०५ टक्के द्रवाची वाफ होते असे धरले तरी दोन भरलेल्या टाक्यांतून रोज सुमारे एक लाख घनमीटर वायू सुटतो. तो पुन्हा द्रवात विरघळवायला किमान पुरवठा चालू लागतो, नाहीतर उच्चदाब कॉम्प्रेसर. दोन्ही नसतील, तर तो फ्लेअरमध्ये, म्हणजे जादा वायू जाळून टाकणाऱ्या चिमणीत, जळतो. शिवाय उरलेला द्रव दिवसेंदिवस जड होत जातो, म्हणजे वरची थरांची अडचण वाढते.

पाइपलाइनबद्दल स्पेनचे उदाहरण पुरेसे आहे. एलएनजीचा पुन्हा वायू करण्याची युरोपीय संघातली सर्वाधिक क्षमता त्या देशाकडे. पण फ्रान्सच्या सीमेवरचा पिरेनीज पर्वत ओलांडणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या, म्हणून २०२२ च्या टंचाईत ती क्षमता शेजाऱ्यांच्या फारशी कामी आली नाही.

म्हणून आमची मागणी अशी. मंजुरीच्या अटींतच दोन टाक्या, वरून व खालून भरण, घनतामापन आणि नायट्रोजन मिश्रण लिहा. शेजारच्या जाळ्याशी दोन्ही दिशांनी गॅस वाहू शकेल अशी जोडणी टर्मिनलच्या आधी किंवा बरोबरीने पूर्ण करण्याची तारीख द्या. प्रवर्तकाकडून किमान तीन वेगळ्या स्रोतांच्या मालासाठी घनता, वॉब इंडेक्स आणि जहाजाच्या मापाची तपासणी मागवा आणि ती निविदेआधी लोकांसमोर ठेवा.

आपले विश्वासू,
एलएनजी टर्मिनलच्या आखणीत व चालवणुकीत काम करणारे अभियंते