थळच्या नाखवांना, साताऱ्याहून

नाखवा, रामराम.

जानेवारीतल्या त्या सकाळी थळच्या किनाऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ वाळूत वर्तमानपत्र पसरून बसले होते, आठवतात? ते माझे आप्पा. ज्याच्याकडे खांदेरी बेटावरच्या दीपगृहाकडे जायच्या होडीचे आगाऊ पैसे भरले होते, तो ऐनवेळी फोनच उचलेना. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही जाळं निवडता निवडता विचारलंत, "कुठून आलात?" सातारा म्हटल्यावर म्हणालात, "म्हंजे सरखेलांच्या राजाच्या गावचे. चला, बसा."

हे वाक्य आप्पा घरी येईल त्याला ऐकवतात. खरंच आहे म्हणा. १७१३ साली सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या बाजूला आले, आणि कोकणचं आरमार साताऱ्याच्या गादीशी जोडलं गेलं. पण आम्ही अजिंक्यताऱ्यावरून डोंगरच बघत मोठे झालो. आमच्या गप्पांत समुद्र येतोच कुठे? आंबेनळी घाटात प्रतापगड दिसला तेव्हा मी आप्पांना सांगितलं, २०२५ च्या युनेस्कोच्या यादीत हा आणि खांदेरी दोन्ही आहेत. ते म्हणाले, "हा पाहिलाय. दिवा नाही पाहिला."

आप्पांनी राजवाड्याजवळ चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. त्यांना दीपगृहाचं वेड का, ते मला तिथे गेल्यावरच कळलं.

वाटेत तुम्ही शेजारच्या उंदेरी बेटाकडे बोट दाखवून जंजिऱ्याच्या सिद्दीची गोष्ट सांगितलीत. मग १६७९ ची. शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं, इंग्रजांनी गलबतं आणून बेट अडवलं, तरी रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून छोट्या होड्या सामान पोचवत राहिल्या. "आमच्या होड्या," असं म्हणालात तुम्ही, गेल्या आठवड्यात घडल्यासारखं. पुढे त्याच बेटावर इंग्रजांनी १८६७ मध्ये दीपगृह उभारलं. आप्पा हसून म्हणाले, "घ्यायला आले आणि दिवा लावून गेले."

वर चढायला आप्पांना फार वेळ लागला, गुडघे दुखरे. पण दीपगृहावरच्या दादांनी समजावून सांगायला सुरुवात केली आणि ते दुखणं विसरले. जुन्या दीपगृहांत भिंग फिरवायला साखळीला वजन टांगलेलं असे. ते हळूहळू खाली उतरे, आणि राखणदार रात्रीतून पुन्हा पुन्हा किल्ली देऊन ते वर ओढी. आप्पांनी माझा दंड धरला. "अगं, हे भिंतीवरचं घड्याळच की!" टनावारी वजनाची भिंगं पाऱ्यावर तरंगत ठेवत, बोटाने ढकललं तरी फिरत, हे ऐकून तर ते गप्पच झाले. दिवसा पडदे ओढतात, नाहीतर तेच भिंग ऊन एका जागी गोळा करून आतलंच काही जाळायचं, हेही तिथेच समजलं.

या सगळ्यात ओहोटी लागली होती, ते आम्हाला कुठलं कळायला! तुम्ही खाली थांबून राहिलात, एका शब्दाने घाई केली नाहीत. आम्ही दिलेल्या कंदी पेढ्यांतला एक आधी बेटावरच्या वेताळापुढे ठेवलात. तिथला तो वाजणारा दगड आप्पांना वाजवायला लावलात, आणि त्यांनी डोळे मिटून तीनदा वाजवला. परतताना होडी किनाऱ्याला लागेना, तेव्हा गुडघाभर पाण्यातून आप्पांना पाठीवर घेऊन आलात. तुमची दुपार बुडाली होती. घेतलेत फक्त डिझेलचे पैसे.

तेव्हा नीट बोलता आलं नाही, नाखवा. मनापासून आभार.

त्या रात्री आम्ही थळलाच राहिलो. आप्पा मनगटावरच्या जुन्या एचएमटीकडे बघत अंधारात दिव्याची उघडझाप मोजत होते. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी, त्यावरूनच खलाशी किनारा ओळखतात, हे दादांनी सांगितलं होतं ना! बराच वेळ मोजून म्हणाले, "एक सेकंद चुकत नाही." आकडा त्यांनी डायरीत लिहिलाय. मला सांगत नाहीत. "जाऊन मोज" म्हणतात.

पावसाळा सरून होड्या सुटल्या की येतेय. पेढ्यांचे दोन डबे आणते, एक वेताळाचा.

तुमची,
साताऱ्याची लेक